पाण्यातला तुकडा

तुमच्या आईच्या, बहिणीच्या किंवा बायकोच्या शरीरातून तपासणीसाठी काढलेला तुकडा दवाखान्यातून निघाल्यावर कुणाच्या हातात गेला, कशात ठेवला गेला, हे तुम्ही कधी विचारलंय का?

नसेल विचारलं. लोक रिपोर्ट विचारतात. काय निघालं, एवढंच विचारतात. तुकडा एकदा शरीराबाहेर आला की तो कुणाचाच नसतो. आमच्या लॅबमध्ये मात्र एक बाई होत्या, त्या आधी तुकड्याची विचारपूस करायच्या आणि मग बाकी सगळ्याची. डॉ. सुमन आहिरे. आम्ही त्यांना नुसतं मॅडम म्हणायचो. कळवणकडच्या एका ताराबाईंच्या तुकड्याची त्यांनी केलेली विचारपूस मला विसरता येत नाही. ताराबाईंना गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर होऊ घातलाय का, आणि ते वेळेत कळणार का, एवढाच प्रश्न होता. मॅडमबद्दल काहीही लिहायला बसले की मी त्याच प्रश्नापाशी येऊन थांबते.

लॅब गंगापूर रोडच्या एका आतल्या गल्लीत होती, फरसाणाच्या दुकानाच्या वर. खालून तळणीचा वास यायचा, वर फॉर्मॅलीनचा. फॉर्मॅलीन म्हणजे तुकडा सडू नये म्हणून ज्यात बुडवून ठेवतात ते औषध. डोळ्यांना झोंबतं, घशात बसतं. दोन्ही वास जिन्यात एकत्र व्हायचे आणि पहिल्यांदा आलेला माणूस मधल्या पायरीवर थांबून नाकाला रुमाल लावायचा. मी तिथे रिपोर्ट टाइप करायला होते. नसीमभाई टेक्निशियन होते, मालेगावचे. तुकड्याचे पापुद्र्यासारखे काप काढून काचेवर घेणं आणि रंगवणं हे त्यांचं काम. ते म्हणायचे, "दीदी, हमारे घर में साडी बनती, इधर मैं बाईलोगों का तुकडा रंगाता. खानदान एकच, कपडा वेगळा."

मॅडम ठेंगण्या होत्या. खुर्चीवर दोन उशा टाकून मायक्रोस्कोपला बसायच्या. बघताना चष्मा डोक्यावर चढवायच्या आणि मग दिवसभर तो तिथेच राहायचा. त्यामुळे काचेवरची पेशी त्यांना अचूक दिसायची आणि दारात उभा राहिलेला माणूस दिसायचा नाही. चहा आला की त्यावर बशी झाकायच्या. तासाभराने बशी काढून तो गार चहा एका दमात प्यायच्या, औषध प्यावं तसा. गरम करून आणू का असं विचारलं तर म्हणायच्या, "कशाला? पोटात गेल्यावर सारखाच होतो."

त्या पेशंटला भेटत नसत. हा त्यांचा नियम होता. बाहेर बाकड्यावर नातेवाईक बसलेले असायचे, रडायचे, भांडायचे, मोबाइलवर मोठ्याने बोलायचे. मॅडमच्या खोलीचं दार लोटलेलं असायचं. मी नवीन होते तेव्हा मला हे पटलं नाही. मी आंदोलनांत वाढलेली. आमच्या नाशिकरोडच्या कॉलनीत माझे वडील जयंतीला स्वतः पत्रकं छापून वाटायचे. मला अक्षरओळख झाली ती त्या पत्रकांवर. डॉक्टरने लोकांपासून दार लोटून बसायचं, हे मला सरंजामी वाटलं आणि मी ते तोंडावर बोलून दाखवलं.

मॅडमनी काचेवरून डोळा काढला नाही. म्हणाल्या, "चेहरा बघितला की डोळा दयाळू होतो. दयाळू झाला की जे नाही ते नाही म्हणत नाही आणि जे आहे ते आहे म्हणत नाही. तू बाहेर बस आणि दया कर. मला काम करू दे."

त्यांचं आणखी एक वाक्य होतं, "आधी कंट्रोल दाखव." पेशंटची काच रंगवायची तेव्हा तिच्या शेजारी आणखी एक काच रंगवायची, जिचं उत्तर आधीच पक्कं ठाऊक आहे. ती बरोबर रंगली तरच रंगावर विश्वास. तिला कंट्रोल म्हणतात. नसीमभाईंनी ट्रे पुढे केला की मॅडम पेशंटच्या काचेला हातही लावायच्या नाहीत, आधी कंट्रोल. हळूहळू हे सगळ्यालाच लागू झालं. मी एखाद्या पुढाऱ्याबद्दल ऐकीव काही सांगू लागले की त्या म्हणायच्या, "कंट्रोल काय याला?" नसीमभाईंनी सुट्टीसाठी मामा वारल्याचं सांगितलं तेव्हाही म्हणाल्या होत्या. नसीमभाई म्हणाले, "मॅडम, मामा का कंट्रोल कहाँ से लाऊँ?" मॅडम हसल्या नाहीत, पण सुट्टी दिली.

एकदा त्यांनी मला पत्रक लिहायला सांगितलं. गावोगावच्या तपासणी शिबिरांत वाटायचं होतं. मी जीव ओतून लिहिलं. भगिनींनो जाग्या व्हा, मृत्यूच्या जबड्यातून, व्यवस्थेचा धिक्कार असो, सगळं त्यात होतं. मॅडमनी लाल पेन्सिल घेतली.

"जबडा कुठे दिसला तुला?"

"मॅडम, ते लोकांना हलवण्यासाठी..."

"हलवायचंय कशाला? तपासणीला आणायचंय. घाबरलेली बाई तपासणीला येत नाही, देवाला जाते." आणि एक एक ओळ उडवत गेल्या. शेवटी एवढंच उरलं: तिशीच्या पुढच्या प्रत्येक बाईने गर्भाशयाच्या मुखाची तपासणी करून घ्यावी, त्रास नसला तरी. हा कॅन्सर व्हायच्या आधी बरीच वर्षं दिसतो.

वडिलांनी ते वाचलं आणि म्हणाले, "ह्यात आग नाही."

मॅडमना सांगितलं तर म्हणाल्या, "आग लागल्यावर काय करायचं ते सगळ्यांना माहिती असतं. मी त्याच्या आधीचं बोलतेय. पत्रकवाली तू, तुला कळायला पाहिजे." तेव्हापासून माझं नाव पत्रकवाली पडलं.

ते आधीचं म्हणजे काय, हे त्यांनी मला एका संथ दुपारी समजावलं. या कॅन्सरच्या मागे बहुतेक वेळा एक विषाणू असतो. तो पुष्कळ बायकांच्या शरीरात येतो आणि निघूनही जातो. काहींच्यात राहतो. राहिला की पेशीचा वाढ थांबवायचा ब्रेक निकामी करतो. नुसत्या नेहमीच्या रंगात बघितलं तर कधीकधी कळत नाही की ही नुसती सूज आहे की कॅन्सरच्या आधीची पायरी. दोन्ही सारख्याच दिसतात. तेव्हा एका प्रोटीनचा शोध घ्यायचा. त्याचं नाव पी-सिक्स्टीन.

"उतारावर तुझ्या स्कूटीची ब्रेकची वायर तुटली तर तू काय करशील?"

"ब्रेक दाबेन."

"गाडी थांबली नाही तर?"

"आणखी जोरात दाबेन."

"पेशीही तेच करते. पी-सिक्स्टीन म्हणजे ते दाबणं. वायर तुटलेली आहे हे तिला माहिती नसतं, ती दाबतच राहते. म्हणून ते प्रोटीन साठत जातं. आपण त्याला तपकिरी रंग देतो. सूज असेल तर काच निळी राहते, फार तर इथे तिथे ठिपके. वायर तुटलेली असेल तर तळापासून सलग तपकिरी पट्टा. गाडी अजून आदळलेली नसते. ती आदळायच्या आधी मी बघते."

हे सांगताना त्यांचा आवाज जरासुद्धा बदलला नाही.

या प्रोटीनवरून त्यांचं एका सर्जनशी फोनवर वाजलं, ते मी टायपिंगच्या टेबलावरून ऐकलं. सिन्नरकडची एक तरुण बाई. नेहमीच्या रंगात काच शंकास्पद. सर्जनने गर्भाची पिशवी काढायचं ठरवून टाकलं होतं, नातेवाईक तयार होते. मॅडमनी पी-सिक्स्टीन लावलं, काच निळी आली. नुसती सूज. फोन स्पीकरवर होता, कारण मॅडमचे दोन्ही हात कामात होते.

"मॅडम, तुमच्या प्रोटीनमुळे माझं ऑपरेशन अडलंय. रिपोर्ट थोडा जड लिहा ना. तिची दोन मुलं झालीयेत, पिशवी ठेवून करायचंय काय?"

"ते तिला विचारा. काचेवर कॅन्सरची पायरी नाही. गोळ्या द्या, परत तपासा."

"उद्या काही झालं तर?"

"मी सही केलीये. माझं नाव सांगा."

"तुम्ही लोक ना, लगेच भांडायला उठता."

मॅडमनी हातातली काच खाली ठेवली. "आम्ही लोक म्हणजे पॅथॉलॉजिस्ट ना, डॉक्टर?"

सर्जनला एकदम दुसरा पेशंट आठवला. मॅडम म्हणाल्या, "बरं, ठेवते." त्या सर्जनकडून नमुने येणं बंद झालं. मी खूप संतापले, लेख लिहिते म्हणाले. मॅडम म्हणाल्या, "त्या बाईची पिशवी राहिली का?" राहिली होती. "मग झालं," म्हणाल्या आणि चहावरची बशी काढली.

मग एका उन्हाळ्यात रामदासभाऊ आले.

पन्नाशीचा माणूस, डोक्याला टॉवेल, हातात खोकल्याच्या औषधाची जुनी बाटली. कळवणच्या एका दवाखान्यात त्यांच्या बायकोच्या, म्हणजे ताराबाईंच्या गर्भाशयमुखाचा तुकडा काढला होता. अंगावरून मधेच लाल जातं म्हणून गेल्या होत्या. तुकडा बाटलीत घालून यांच्या हाती दिला, नाशिकला देऊन या म्हणून. मी बाटली आत पाठवली. क्षणभरात मॅडमच्या खोलीचं दार उघडलं आणि मॅडम काउंटरवर आल्या. मी तिथे लागल्यापासून त्यांना काउंटरवर पाहिलं नव्हतं.

"ही कुणी आणली?"

"म्या," रामदासभाऊ उभे राहिले.

"यात औषध होतं. ते कुठंय?"

"ते व्हय. लय वास मारत व्हता मॅडम. एश्टीत मान्सं बोंबलाया लागली. कंडक्टर म्हने, ॲसिड हाय का काय, उतर खाली. मंग वणीला गाडी थांबली तवा बाटली चांगली धुवून काढली. तुकडा बी धुतला. अन् नळाचं पानी नाय घातलं मॅडम. इकतचं घातलं, सीलबंद बाटलीतलं."

"कधी?"

"काल दुपारी. रात्री पाहुण्यांकडं मुक्काम क्येला. सकाळी दुकानं उघडल्यावर आलो."

काल दुपारपासून, एप्रिलच्या उन्हात, साध्या पाण्यात. त्यांनी ज्या आदराने 'इकतचं' म्हटलं तो आदर मला आजही ऐकू येतो. बायकोचं आहे म्हणून चांगलं पाणी घातलं होतं. मॅडमनी बाटली उजेडात धरली. तुकडा पांढरा फटक, फुगलेला. मला वाटलं आता त्या बोलतील. त्या म्हणाल्या, "ठीक आहे. बसा. पाणी प्या."

आत गेल्यावर नसीमभाईंनी विचारलं, "मॅडम, डाँटा नहीं उसको?"

"कशाबद्दल? बाटलीवर काही लिहिलं होतं का?"

बाटलीवर खोकल्याच्या औषधाचं अर्धं फाटलेलं लेबल होतं. मॅडमनी कळवणच्या दवाखान्यात फोन लावला. तिथल्या नर्सने सांगितलं, "आम्ही तर सगळ्यांना तसंच देतो." मॅडमनी फोन ठेवला आणि मला चिकटपट्ट्या छापायला लावल्या. मजकूर त्यांचाच: बाटली उघडू नका. वास येतो, येऊ द्या. माझ्या सगळ्या पत्रकांपेक्षा तो मजकूर जास्त दवाखान्यांत गेला.

तो तुकडा मॅडमनी तरीही टाकून दिला नाही. त्यावर पूर्ण काम केलं. नेहमीचा रंग, मग पी-सिक्स्टीन, शेजारी कंट्रोल. कंट्रोल झकास रंगला. ताराबाईंच्या काचेवर पेशींच्या कडा विरघळल्या होत्या, आतलं सगळं एकमेकांत पसरलं होतं. तपकिरी कुठेच धड नाही. नसीमभाई म्हणाले, "मॅडम, निगेटिव्ह लिखें?"

"निगेटिव्ह म्हणजे मी बघितलं आणि नव्हतं. इथे मला बघताच आलेलं नाही."

रिपोर्ट इंग्रजीत असायचा, पण मॅडम तळाला मराठीत एक ओळ टाइप करून घ्यायच्या. त्या दिवशीची ओळ होती: नमुना तपासण्याजोगा राहिलेला नाही, तुकडा पुन्हा घ्यावा, लवकर. 'लवकर' त्यांनी नंतर पेनाने घातलं.

ताराबाई आल्या नाहीत. मॅडमनी रामदासभाऊंना फोन केला. ते म्हणाले, दवाखान्यात दाखवला रिपोर्ट, डॉक्टर म्हनले कॅन्सर लिव्हलेला नाय, सवडीनं या. "आन् आता ती बरी हाय. जेवती, काम करती." मॅडमनी पुन्हा फोन केला, पुन्हा तेच. मग एका सकाळी मला म्हणाल्या, "चल, कळवणला जायचंय." मी नियमाची आठवण करून दिली नाही. बसमध्ये खिडकीशी बसून त्या डोंगर बघत होत्या. पेशंटशी काय बोलायचं असतं, असं त्यांनी मला एकदा विचारलं. मला वाटलं चेष्टा करतायत. करत नव्हत्या.

ताराबाई कांद्याच्या चाळीसमोर कांदे कापत बसल्या होत्या. कांद्याची सुकलेली पात विळ्याने खटाखट उडत होती. अंगाने काटक, बोलायला तिखट, माहेर सटाण्याकडचं. मॅडम पोत्यावर टेकल्या आणि रिपोर्ट वाचावा तसं बोलू लागल्या, "तुमचा नमुना तपासणीस योग्य नव्हता."

"म्हंजी मी नापास?"

"तुम्ही नाही. नमुना."

"तो बी माहाच ना." शेजारच्या बाया हसल्या. रामदासभाऊ तिथून उठून बैलाला पाणी दाखवायला गेले.

मॅडम गडबडल्या. मग त्यांनी स्कूटीची वायर सांगितली. उतार सांगितला. ताराबाईंचा विळा थांबला. त्यांना कळलं, लगेच कळलं; मला समजायला लागला होता तेवढाही वेळ लागला नाही.

"मंग माही वायर तुटेल हाय का?"

"माहिती नाही. तेच बघायचंय. आजच चला माझ्याबरोबर. गाडी करू."

"आज?" ताराबाईंनी बायांकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "बाई, पोरीचं लगीन ठरेल हाय. सुपारी फुटली. आता मी नाशिकला कॅन्सरच्या तपासनीला गेली हे उठलं तर सोयरे दारातून माघारी जातील. म्हनतील, आईला हाय तं पोरीला बी. लगीन होऊं द्या. मंग मी येती. तुमचा तुकडा तुमाला देती."

"ताराबाई, हा आईकडून मुलीला येणारा रोग नाही."

"हे तुमाला ठाव हाय. त्यास्नी कोन सांगंल? तुमी?"

मी मधे बोलले. अंधश्रद्धेबद्दल, सोयऱ्यांबद्दल, बाईच्या जिवाच्या किमतीबद्दल मी बरंच बोलले. माझं बोलणं खरं होतं. ताराबाईंनी ते पूर्ण ऐकून घेतलं आणि मॅडमना विचारलं, "ही तुमची पोरगी का?"

"नाही. ही पत्रकवाली."

"गोड बोलती," ताराबाई म्हणाल्या आणि विळा पुन्हा चालू केला. निघताना त्यांनी मॅडमच्या पिशवीत कांदे भरले. "चिंता नका करू. मी बरी शे."

परतताना मॅडम एवढंच म्हणाल्या, "मी बोलायला शिकलेच नाही."

लग्न झालं. मॅडमनी फोन केला. मुलीला माहेरपणाला आणल्याशिवाय नाही, मग पावसाची पेरणी, मग रोपं टाकायची, मग लागवड. प्रत्येक वेळी कारण खरं होतं. मॅडम फोन करायच्या तेव्हा ताराबाई गप्पा मारायच्या, त्यांना 'तुकडावाल्या बाई' म्हणायच्या, पोरगी सासरी कशी आहे ते सांगायच्या. मॅडम ऐकून घ्यायच्या. शेवटी म्हणायच्या, "कधी येताय?" ताराबाई म्हणायच्या, "येती ना." असं वर्ष गेलं, आणि दुसरं निम्मं गेलं.

मग रामदासभाऊ जिना चढून आले. बाटली टॉवेलात गुंडाळून छातीशी धरलेली, झाकणावर चिकटपट्टीचे फेरेच्या फेरे. डोळे लाल. "या टायमाला उघडली नाय मॅडम," ते काउंटरवरूनच ओरडले. "कंडक्टर बोलला, म्या म्हनलं, उतरव मला, पन उघडनार नाय." ताराबाईंना लाल जायचं थांबतच नव्हतं. कमरेत कळा येत होत्या.

तुकडा उत्तम अवस्थेत होता. दोन दिवसांनी काच तयार झाली. नसीमभाईंनी ट्रे पुढे केला. मॅडम उशांवर सरकून बसल्या, डोळा लावला आणि लगेच काढला.

"मॅडम, पी-सिक्स्टीन लगाऊँ?"

"नको. याला गरज नाही."

मला कळलं नाही. मी विचारलं.

"शंका असली तर ते लावायचं असतं," मॅडम म्हणाल्या. "आता शंका नाही. हे कुणालाही दिसेल. तुला बघायचं तर तुलाही दिसेल."

मी बघितलं नाही. रिपोर्ट टाइप केला. हात चालत होते. तळाच्या मराठी ओळीसाठी मी थांबले, मॅडम म्हणाल्या, "आज नको."

रिपोर्ट घ्यायला रामदासभाऊ एकटे आले. मॅडम बाहेर आल्या आणि त्यांच्याशेजारी बाकड्यावर बसल्या. कॅन्सर आहे, पसरलाय, शेक, म्हणजे रेडिएशन, घ्यावा लागेल, सरकारी योजनेत होईल, कुठे जायचं, सगळं हळू सांगितलं. आता त्यांना बोलता येत होतं. रामदासभाऊ मान हलवत होते. मग त्यांनी विचारलं,

"मॅडम, एक इचारू? त्या टायमाला म्या पानी नसतं घातलं, तर?"

मी काउंटरमागे होते. मॅडमनी आजवर न बघितलेल्या गोष्टीवर एक शब्दही लिहिलेला नव्हता. ती पहिली काच कुणालाच वाचता आली नव्हती. तेव्हा पायरी होती, कॅन्सर होता की काहीच नव्हतं, हे आता कुणालाही कधीच कळणार नव्हतं. माझी अपेक्षा होती त्या तसं सांगतील.

"पाण्याचा काही संबंध नाही," मॅडम म्हणाल्या. "तेव्हाही हेच आलं असतं."

"नक्की?"

"नक्की."

रामदासभाऊंनी टॉवेल सोडला, पुन्हा बांधला. "मंग ठीक," म्हणाले आणि जिना उतरले.

मला संताप यायला हवा होता. खरं बोलायचं, कुणासाठीही वाकवायचं नाही, हे मी ज्यांच्याकडून शिकले त्यांत मॅडम होत्या. काहीच आलं नाही. मॅडम आत गेल्या नाहीत. त्या तिथेच बाकड्यावर बसून राहिल्या, हात मांडीवर. थोड्या वेळाने एक नवीन बाई रिपोर्टची पावती घेऊन आली आणि त्यांच्याशेजारी टेकली. मॅडमना ती पेशंटपैकीच समजली.

"इथं लय वेळ लावतात का हो?" तिने विचारलं.

"हो," मॅडम म्हणाल्या. "लावतात."

मला मॅडम नीट आठवतात त्या अशा, शेवटच्या. त्याच महिन्यात मी दुसरीकडे लागले. ताराबाईंनी नाशिकला शेक घेतला, थोड्या उठून बसल्या, पण पुढच्या कांद्यापर्यंत राहिल्या नाहीत. लॅब एका मोठ्या कंपनीने घेतली. आता तिथे नुसते नमुने गोळा होतात आणि मुंबईला जातात. मॅडम मुलीकडे राहायला गेल्या आणि तिकडेच वारल्या. नसीमभाईंनी फोन करून सांगितलं. मी "बरं" म्हणाले. ते म्हणाले, "दीदी, कुछ लिखो उनपे." मी तेव्हाही "बरं" म्हणाले.

हे ते आहे. यातही आग नाही.

तुम्हाला एकच सांगायचंय. तुमच्या घरात, कपाटात, गादीखाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत एखाद्या बाईचा असा रिपोर्ट असेल, ज्यात 'नमुना पुरेसा नाही', 'पुन्हा घ्यावा' असं काही लिहिलंय, तर त्याचा अर्थ काही नाही निघालं असा नाही. त्याचा अर्थ अजून कुणी बघितलेलं नाही असा आहे. तो आज काढा. वाचता येत नसेल तर वाचून घ्या. आणि याच आठवड्यात तिला घेऊन जा. तिला एकटीला पाठवू नका. ती म्हणेल, लग्न होऊ दे, काढणी होऊ दे, पाहुणे जाऊ दे. तिचं कारण खरं असेल. तरी घेऊन जा. लग्नाची तारीख पुढे ढकलता येते.